ताड आधी खाली जातो

माझं माहेर पालघरकडचं. घरामागच्या बांधावर सात ताड होते आणि त्यांतले तीनच फळायचे. उरलेले चार नर. ताडात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि तुरा बाहेर पडेपर्यंत कुठलं काय हे कुणालाच सांगता येत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. वैशाखात आजोबा कोयत्यानं फळाचं डोकं उडवायचे आणि आम्ही अंगठा घालून आतला गोळा पाण्यासकट ओढून खायचो. 1994 मध्ये लग्न होऊन मी सांगली जिल्ह्यात, भिलवडीजवळच्या मळ्यात आले. चारी बाजूंनी ऊस, मध्ये कुठंकुठं द्राक्षाचे मांडव, ओढ्याच्या काठानं शिंदी, दारात दोन नारळ. ताड नाही. इकडे ताड म्हटलं की लोक शिंदीकडे बोट दाखवतात. ते मला वर्षानुवर्षं खुपत राहिलं.

2018 च्या जूनमध्ये घराचं काम संपलं आणि पुढचं अंगण मोकळं झालं. सांगलीजवळच्या एका नर्सरीत ताडाचं रोप मागितलं. ते नव्हतं. "ताई, हा बिस्मार्किया घेऊन जावा. ताडाचाच भाऊबंद. पान चांदीसारखं होतंय," असं सांगून त्यांनी दोन रोपं दिली, साडेचारशेला एक. दोन्हींना तीन-तीन पानं, लांब, चुणीदार, गवताच्या रुंद पात्यासारखी. पंख्याच्या पानाचे बहुतेक पाम लहानपणी असेच दिसतात. पहिली काही पानं पट्टीसारखी येतात, पंखा नंतर उघडतो. त्यामुळे बाळपणी एक जात दुसरीच्या नावानं सहज खपते. मी विश्वासानं घेतली आणि अंगणाच्या दोन कोपऱ्यांत लावली.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी अंगणात शिरलं. आम्ही जनावरं घेऊन वरच्या वस्तीवर गेलो. सहा दिवसांनी परत आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता आणि दोन्ही रोपं गाळात शेंड्यापर्यंत बुडालेली. घर धुण्याआधी मी रोपांपाशी बसले, हे आत्तींना (माझ्या सासूबाईंना) तेव्हा आवडलं नव्हतं. पण अशा पामाला शेंडा एकच. आंबा छाटला तर चार फांद्या फुटतात, पामाचा शेंडा कुजला की झाड संपलं. तांब्यानं हळूहळू पाणी सोडून पानांच्या बेचक्यातला गाळ काढला, बुंध्याभोवती चढलेला वीतभर थर खुरप्यानं उकरून मूळची पातळी मोकळी केली. दोन्ही रोपं जगली. आणि जगली म्हणूनच पुढच्या वर्षी कळलं की ती बिस्मार्किया नव्हतीच.

नवी पानं पंख्यासारखी उघडली, पण चांदी कुठंच नाही. गडद हिरवी, तुकतुकीत, आणि प्रत्येक पातीचं टोक दुभंगून झालरीसारखं खाली लोंबणारं. माझ्या मुलीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई त्या दिवाळीत घरी आल्या होत्या. त्यांनी रोपाकडे लांबूनच पाहिलं, मग जवळ जाऊन पानाला हातही न लावता देठ धरला. "वहिनी, पान बघू नका. पान फसवतं. देठ बघा, आणि देठ पानाला मिळतो तो सांधा बघा." देठाच्या कडेनं वाकडे, हिरवट-तपकिरी काटे होते. हा चायना पाम, त्या म्हणाल्या, लिव्हिस्टोना चायनेन्सिस. बिस्मार्कियाचा देठ जाड, पांढरट मेणानं माखलेला असतो, असे काटे त्याला नसतात. त्याच्या चंदेरी रोपावर लहानपणी लालसर-जांभळी झाक असते, तीही आमच्या रोपांवर कधी दिसली नव्हती. मी नर्सरीत भांडायला गेले नाही. पुरातून वाचवलेली झाडं परत काय द्यायची?

त्या दुपारी बाईंनी मला जे शिकवलं ते मी जवळजवळ जसंच्या तसं जपून ठेवलंय. आधी त्यांनी दारातल्या नारळाची आणि ओढ्याकडच्या शिंदीची एकेक पाती तोडून आणायला लावली आणि ब्लेडनं बुडाशी आडवी कापली. नारळाची पाती घराच्या छपरासारखी, कणा वर आणि दोन्ही बाजू उतरत्या. शिंदीची पन्हाळीसारखी, कणा तळाशी आणि बाजू वर. दोन्ही झाडांची पानं पिसासारखी, वीस-पंचवीस वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेली, आणि मी हा फरक कधी पाहिला नव्हता. चायना पामाच्या पानाची घडीसुद्धा पन्हाळीचीच निघाली. पंख्याच्या पानाच्या बहुतेक पामांची घडी अशीच असते.

मग देठ. ताडाच्या देठाच्या कडेला काळे, कडक, वेडेवाकडे दाते असतात, जुन्या करवतीचे झिजलेले दाते असावेत तसे. माहेरी वाळलेले देठ ओढताना तळहात फाटायचा, ते हेच. वॉशिंग्टोनियाच्या देठाला मांजराच्या नखासारखे वाकडे काटे, पानाच्या फटींतून पांढरे धागे लोंबतात आणि वाळलेली पानं न गळता परकरासारखी खोडाला लटकून राहतात. हा मूळचा कॅलिफोर्निया-मेक्सिकोच्या कोरड्या भागातला, पण कॉलेजांच्या आणि कारखान्यांच्या फाटकाशी तो इकडे बराच लावलेला दिसतो. सॅबलमध्ये देठ पात्यात इतका आत घुसतो की पान मधोमध कमानीसारखं वाकतं. लिकुआला ग्रँडिसचं पान चिरलेलंच नसतं, अख्खं गोल, चुण्याचुण्यांचं. तो वानुआतू आणि सॉलोमन बेटांकडचा, सावली आणि दमट हवा मागणारा. मी एक आणून आंब्याखाली ठेवला होता. एप्रिलच्या वाऱ्यानं त्याच्या कडा कागद भाजावा तशा करपल्या. आता तो न्हाणीघराच्या मागं पूर्ण सावलीत आहे आणि बरा आहे.

ताड, बिस्मार्किया, मॉरिशसकडचा लॅटानिया, फांद्या फुटणारा रावणताड आणि सेशेल्सचा दर्याचा नारळ ही सगळी एकाच घराण्यातली, नर-मादी वेगळी असणारी. नर्सरीवाले ते भाऊबंदाचं बोलले ते खरंच होतं, रोप तेवढं दुसरं निघालं. दर्याचा नारळ म्हणजे फकिराच्या हातातला तो काळा, नावेच्या आकाराचा कटोरा ज्याचा करतात तो. एवढं मोठं बी दुसऱ्या कुठल्याच झाडाला नाही. हे ऐकून आत्ती उठल्या आणि माझ्या नातवाच्या करदोट्यातला काळा मणी बाईंपुढं धरला. "हा कशाचा मग?" बजरबट्टू. बाईंनी तो फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, हेही पंखा पामाचंच बी, श्रीताळाचं. ज्याच्या पानांवर पूर्वी पोथ्या लिहीत त्यांतलं एक झाड. तीस-चाळीस वर्षं, कधी त्याहून जास्त वाढतं, एकदाच शेंड्यावर भला मोठा तुरा काढतं, लाखो फुलं, मग फळं, आणि मग मरतं. आत्तींनी मणी परत बांधला तेव्हा गाठ दोनदा ओढून पाहिली.

ताड मात्र मला बीपासूनच लावायचा होता. इथं पहिली चूक लोक करतात ती ताडगोळ्याची. मे महिन्यात हातगाडीवर मिळतो तो कोवळा, आतलं बी अजून पाणी आणि जेली. ते कितीही जपून पुरलं तरी उगवत नाही. फळ झाडावर पूर्ण पिकून आपोआप खाली पडलेलं हवं. तोवर श्रावण-भाद्रपद उजाडतो, फळ काळपट होतं आणि आतला गर नारिंगी, तंतूंचा, गोड वासाचा. 2021 च्या सप्टेंबरात भावानं गोणीत घालून फळं पाठवली. तीन दिवस पाण्यात भिजवून गर सोलला. एका फळात दोन-तीन कोया. हाताचा वास दोन दिवस गेला नाही आणि मी तो घालवायचा प्रयत्नही केला नाही.

नऊ कोया मोठ्या काळ्या पिशव्यांत लावल्या, फूटभर खोलीच्या. दीड महिन्यानं एकेका कोयीतून बोटासारखा पांढरा, टोकदार कोंब निघाला आणि सरळ मातीत शिरला. मला आनंद झाला. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, वर काहीच येईना. मार्चमध्ये एक पिशवी फाडली. तो कोंब तळाला जाऊन अडला होता, तिथं दोन वेढे घेऊन वळला होता आणि वळलेल्या जागी तपकिरी होऊन कुजला होता. बाकीच्या आठही तशाच. बाईंना फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, "पिशवी किती खोल होती?" आणि मी सांगितल्यावर थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत.

ताडाची रीत आपल्या बियांपेक्षा वेगळी आहे. हरभरा पेरला की मूळ खाली आणि कोंब वर, दोन्ही बियापाशीच सुरू होतं. ताडाची कोय आपलं बाळ आपल्याजवळ ठेवतच नाही. तो पांढरा कोंब म्हणजे मूळ नव्हे, ती एक नळी आहे, आणि तिच्या टोकाशी अख्खं रोप, इवलंसं, जमिनीत खाली खाली नेलं जातं. दोन फूट, कधी त्याहूनही जास्त. तिथं आग आणि जनावराचं तोंड पोचत नाही, उन्हाळ्यात ओल सापडते. खाली पोचल्यावर मग मुळं फुटतात, गाठ भरते आणि पहिलं पान त्याच नळीतून वर चढत येतं. बिस्मार्कियाही असाच, म्हणून त्याची मुळं हलवलेली त्याला सोसत नाहीत. दर्याच्या नारळाची नळी तर कित्येक फूट लांब जाते. चायना पामाची जेमतेम काही बोटं, म्हणून तो कुंडीत सहज होतो आणि नर्सऱ्यांत त्याचीच गर्दी असते.

2022 च्या भाद्रपदात पुन्हा फळं आली. या वेळी नदीवरून आणलेल्या पाइपलाइनचे उरलेले सहा इंची पाइप गोठ्यामागं पडले होते. मालकांनी (माझ्या नवऱ्यानं) हॅकसॉनं त्यांचे तीन-तीन फुटांचे अकरा तुकडे करून दिले. पाइप पूर्व भिंतीला ओळीनं उभे केले, तळाला जुन्या पोत्याचं फडकं बांधलं. आमची माती काळी, चिकट, त्यात चुनखडी. ती एकटी घातली असती तर पाणी साचून कोय कुजली असती. पुराचा पोयटा दोन घमेली, वाळू दोन, गांडूळखत एक, असं मिसळून काठापासून चार बोटं कमी भरलं. वर कोय आडवी, अर्धी मातीत अर्धी उघडी. पाणी रोज नाही. उसाच्या रानात वाफसा बघतो तशी बोट घालून ओल बघायची आणि मगच झारीनं थोडं.

मामांना (सासऱ्यांना) हे सगळं पटत नव्हतं असं नाही, पण ते रोज सकाळी त्या पाइपांपुढं उभे राहून विचारायचे, "आलं का गं काय?" मी म्हणायचे, "मामा, खाली चाललंय." अकरांतल्या आठ कोयींना कोंब आला.

फेब्रुवारीत मला राहवेना. एक पाइप उभा चिरला. त्या रोपाचा जीव जाणार हे माहीत होतं, तरी एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं. माती हातानं सारत गेले. कोयीपासून निघालेली नळी पिवळसर पांढरी, अंगठ्याएवढी जाड, अजिबात न वळता खाली उतरलेली. टेपनं मोजली, 68 सेंटिमीटर. टोकाजवळ ती गाजरासारखी फुगलेली आणि तिच्याभोवती पांढऱ्या मुळांचा झुबका. फुगवटा नखानं सोलला तर आत घडी घातलेलं पान, करंगळीएवढं, फिकट पोपटी. कोयही फोडली. ज्या जागी मेमध्ये पाणीदार गोळा असतो तिथं आता पांढरा, कापसासारखा मऊ, गोडसर गर भरलेला होता. तो कोयीतलं अन्न शोषून नळीवाटे खाली पोचवतो. माहेरी आम्ही तो खायचो. आजोबा भाद्रपदात कोया मातीत दडपून ठेवायचे आणि संक्रांतीच्या सुमाराला फोडायचे, ते कशासाठी हे मला तेव्हा कळलं. मामांनी त्यातला तुकडा तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि म्हणाले, "लांबनं आलंय म्हणून नव्हं, पण चव हाय." उघडलेलं रोप मी परत लावून पाहिलं. नाही जगलं.

उरलेल्या सातांपैकी एक उन्हाळ्यात कुजलं. सहांचं पहिलं पान 2023 च्या मे-जूनमध्ये वर आलं. ज्वारीच्या पात्याएवढं, पण जाड आणि चुण्या पडलेलं. नऊ महिने वर काहीही दिसत नसताना पाणी घालत राहणं मला जमलं, कारण खाली काय आहे ते मी एकदा पाहून ठेवलं होतं.

मधल्या काळात चायना पामांनीही बरंच शिकवलं. 2022 च्या पावसाळ्यात एका झाडाचं नवं पान उघडलं ते कातरलेलं. लहान मुलं कागदाची घडी घालून कात्रीनं कापतात आणि उलगडल्यावर दोन्ही बाजूंना सारखी नक्षी होते, अगदी तसं. पान शेंड्यात घडीत असतानाच गेंड्या भुंग्यानं आडवं कुरतडलं होतं. बेचक्यात चोथा दिसला, तारेचा हूक घालून भुंगा बाहेर ओढला, भोकात वाळू आणि निंबोळी पेंड भरली. पण भुंगा येतो कुठून? आमच्याच उकिरड्यातून. शेणखतात त्याच्या अळ्या वाढतात. उसाच्या हुमणीसाठी आणलेलं मेटारायझियम (किडीवर वाढणारी बुरशी) घरात होतंच, ते खड्ड्यात मिसळलं आणि खत वर्षानुवर्षं न साठवता दर हंगामाला उपसायला लागलो. त्यानंतर एकदाच भुंगा सापडला.

दुसरं पिवळेपणाचं. आमच्या मातीचा सामू (पीएच) तपासणीत 8.3 आला. अशा चुनखडीच्या जमिनीत लोह असून झाडाला मिळत नाही. नवं पान पिवळं, शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोहाची कमतरता. जुन्या पानांवर नारिंगी ठिपके पडून टोकं करपायला लागली तर पालाश (पोटॅश) कमी. जुन्या पानाची कड रुंद पिवळी आणि मध्य हिरवा असेल तर मॅग्नेशियम. मी हिराकस (लोहाचा क्षार) शेणखतात मुरवून दिलं, त्यानं नवी पानं सुधारली. पण त्याआधी खालची ठिपक्यांची पानं मी दिसायला बरं दिसावं म्हणून कापून टाकत होते, आणि दर वेळी वरची पुढची पानं आजारी पडायची. पालाश कमी पडला की झाड तो जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. मी त्यांची शिदोरीच तोडत होते. आता पूर्ण वाळल्याशिवाय एकही पान कापत नाही, आणि शेजारणींनाही कापू देत नाही.

सहा ताडांची जागा ठरवताना मात्र घरात चर्चा झाली. पंधरा-वीस वर्षांनी फळणार, त्यांत मादी किती निघणार कोण जाणे, आणि बांधावर लावले तर उसाला सावली. मालकांनी वरच्या रानाचा उत्तरेचा बांध दिला, पुराच्या पाण्याच्या वर. 2024 च्या जुलैत चार फुटांचे खड्डे घेतले. पाइप आडवा धरून दोन्ही बाजूंनी हॅकसॉनं चिरायचा, मुळांचा गड्डा न मोडता खड्ड्यात उभा सोडायचा आणि मग पाइपाची अर्धुकं वर ओढून काढायची. दोघं लागतात या कामाला, एकानं नुसतं धरून ठेवायचं. कोयीची जागा होती त्याच पातळीला माती ठेवली, वर चढवली नाही. एक रोप पुढच्याच महिन्यात ट्रॅक्टर वळताना चाकाखाली गेलं. पाच राहिली. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलंय.

यंदा, 2025 च्या श्रावणात, तिसऱ्या रोपाला पाचवं पान आलं आणि ते टोकाकडून तीन ठिकाणी फाटलेलं होतं. कुणी कुरतडलं की काय म्हणून मी आधी शेंड्यात भुंगा शोधला. भुंगा नव्हता. पान आपणहून चिरत होतं. मामा काठी टेकत बांधापर्यंत आले होते, त्यांना मी देठ दाखवला. ते म्हणाले, दिसत नाही गं मला एवढं बारीक. मग त्यांचा अंगठा धरून देठाच्या कडेवरून वरून खाली फिरवला. खरखर लागली. मामांनी परत एकदा, स्वतःहून फिरवला.

बाकीच्या चारांची पानं अजून पट्टीचीच आहेत. भाऊ या भाद्रपदातही फळं पाठवणार आहे. पाइपाची अर्धुकं तारेनं बांधून, धुऊन, भिंतीला लावून ठेवली आहेत, आणि एका शेजारणीनं दोन कोया आत्ताच सांगून ठेवल्या आहेत.